तीन किलोची बेस गिटार

भाईंदर पूर्वेला केबिन रोडच्या मागच्या अंगाला नाथा रद्दीवाल्याची टपरी होती आणि त्या टपरीत एक आकड्याचा, स्प्रिंगवाला काटा होता. असा काटा अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा नसेल. तीन किलोपर्यंत अगदी साधू. पाव किलो लावा, पाव दाखवील. दोन लावा, दोन. पण तीनला पोचला की त्याचं मन भरायचं. पुढे त्याला वर्षभराचे पेपर अडकवा, पितळेचा बंब अडकवा, सुई तीनवर बसून जांभई देणार. एकदा दुपारी खुद्द नाथाच स्टुलावरून घसरला आणि बनियन आकड्यात अडकून लटकला. बायको धावत आली, तिने त्याला खाली उतरवायच्या आधी सुई बघितली. तीन! त्या दिवसापासून ती माउली नवऱ्याला दोन भाकऱ्या जास्त वाढते.

वस्तीतल्या बायका या काट्याशी भांडत आल्या होत्या आणि त्यांची पुढारी होती शेवंती.

“नाथा, हा गठ्ठा मी दोन्ही हातांनी कवटाळून आणलाय. तीन कसा?”

“वहिनी, कागद वाळला की वजन मरतं.”

“आणि हे पत्र्याचे डबे? तेपण वाळले का रे?”

शेवंतीचा नवरा महिपत अशा वेळी घरात पेपर तोंडापुढे धरून बसायचा. काट्यावरून भांडणं हा बायकांचा स्वभाव आहे, काट्याचा त्यात काही दोष नसतो, असं त्याचं ठाम मत होतं. मताला पुरावा लागत नाही. महिपतच्या मतांना तर कधीच लागला नव्हता.

महिपत दिवसा स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला आणि संध्याकाळी नागोरावांच्या ‘स्वरधारा गायन पार्टी’त बेस गिटारवर. बेस गिटार म्हणजे गाण्याचं पोट. कुणाचं लक्ष जात नाही, पण ती नसली की गाणं उपाशी वाटतं. कारखान्यात त्याला कोणी नावाने हाक मारत नसे, पण स्टेजवर गळ्यात गिटार अडकवली की माईकवरून नाव पुकारलं जायचं: “बेसवर साथ, आयुष्मान महिपत!” त्या एका वाक्यावर हा माणूस वर्षभर पॉलिश मारायचा.

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला दोन संकटं एकदम आली. एक म्हणजे महिपतचा डावा खांदा धरला. हात वर जाईना, त्या कुशीवर झोपता येईना. त्याची जुनी चार तारांची गिटार एखाद्या दारासारखी जड. डॉक्टर म्हणाले, गळ्यात ओझं अडकवायचं बंद. दुसरं संकट नागोरावांच्या गळ्यातलं. ऐन तारुण्यात काळी चारच्या चढ्या पट्टीत गाणारे नागोराव वयाबरोबर घसरत घसरत काळी एकवर येऊन टेकले होते. पण आवाज उतरला असं गायक कधी म्हणतो का?

“महिपत, तुझी गिटार तोकडी पडतेय,” नागोराव म्हणाले. “मी खाली गेलो की तू वरच राहतोस. आता मोठ्या पार्ट्यांत पाच तारांची असते. खर्जाची जाड तार वेगळी. ती आण.”

हे ऐकून निकेतचे कान टवकारले. निकेत कीबोर्डवाला, विशीतला, केसांना जेल लावणारा. “काका, कशाला त्रास? माझा डावा हात मोकळाच असतो. बेस मी कीबोर्डवरच वाजवतो. खांदाबिंदा दुखतो तुमचा, तुम्ही खंजिरी घ्या ना! खुर्चीत बसून आरामात.”

“स्टेजवर खुर्चीबिर्ची नाही,” नागोराव गरजले. “खुर्च्या भाषणवाल्यांना. कलावंत उभा पाहिजे. काशीगावच्या जयंतीला पाच तारांची घेऊन उभा राहिलास तर बेस तुझा. नाहीतर निकेतचा डावा हात आहेच.”

खंजिरी! महिपत त्या रात्री जेवला नाही. खंजिरीवाल्याचं नाव माईकवरून कोणी घेतल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं.

बोनस होता, शेवंतीची भिशी लागली होती. दोन्ही मिळून पैसे जमले ते बेताचेच. शेवंतीने ते दिले आणि एवढंच म्हणाली, “अहो, आणाल ती हलकी आणा. नाहीतर गिटार तुम्ही वाजवायची आणि खांदा मी चोळायचा.”

आता दुकानदार तर प्रत्येक गिटार फुलासारखी हलकी आहे असंच सांगणार. महिपत पडला हिकमती. तो थेट नाथाकडे गेला आणि एका दिवसासाठी काटा मागून घेतला. त्याचा तर्क असा: काटा खोटा असला तरी सगळ्यांशी सारखाच खोटा वागणार. मग जी कमी भरेल ती हलकी. तर्क बिनतोड होता. फक्त काट्याला तो कोणी समजावून सांगितला नव्हता.

मुंबईत वाद्यांच्या दुकानात शेठने एकेक गिटार दाखवायला सुरुवात केली. तिथे महिपतला पहिला धडा मिळाला: गिटार जितकी हलकी तितका तिचा भाव जड. परदेशी, हलक्या लाकडाची, पाच तारांची एक होती. तिची किंमत ऐकून महिपतने ती हातातून अलगद खाली ठेवली, बाळ झोपलंय अशी.

“अपने बजेट में बोलो ना शेठ.”

“बजेट में है ना!” शेठने मागच्या कोपऱ्यातून एक धूड ओढून काढलं. शिसवी होतं की रेल्वेचा जुना स्लीपर, लाकडालाच ठाऊक. पाच तारा, वर जाडजूड खुंट्या. ती इतकी वर्षं तिथे पडून होती की पोऱ्यांनी तिला दार उघडं ठेवायला टेकण म्हणून लावली होती. “एकदम हलका पीस. फूल देखो, फूल.”

महिपत गालात हसला आणि पिशवीतून काटा काढला.

“ये क्या है भाऊ?”

“काटा है. पहले वो परदेशी लगाओ.”

परदेशी लावली. सुई सरसर खाली आली. तीन.

“अब ये लगाओ.”

दोन पोऱ्यांनी मिळून धूड उचललं आणि आकड्याला लावलं. काटा कण्हला. वरून ज्या खिळ्याला तो टांगला होता तो खिळा वाकला. सुई मात्र तीनवर. तीन म्हणजे तीन!

शेठने सुईकडे बघितलं, मग धुडाकडे, मग भिंतीवरच्या लक्ष्मीच्या तसबिरीकडे बघून हात जोडले. “देखा? मैं झूठ बोलता हूँ क्या?”

महिपत हरखला. परदेशी तीन, ही तीन, आणि ही निम्म्याहून कमी पैशांत! त्यात जुनी चार तारांची त्याने सकाळी निघताना घरीच लावून पाहिली होती, तीही तीनच भरली होती. म्हणजे पाचवी तार वजनात फुकट! त्याने घासाघीस केली, शेठने दोन रुपये सोडल्यासारखे केले आणि वर पट्टा फुकट दिला. पट्टा तेवढा खरोखर हलका होता.

घरी आल्यावर महिपतने गिटार गळ्यात अडकवली. आणि ऐका, खांदा दुखेना! तीन किलोने काय खांदा दुखतो? माणसाच्या खांद्यावर बसतं ते वजन थोडंच, बसतो तो आकडा. दोन दोन तास उभा राहून तो सराव करू लागला. कपाळावर घाम यायचा, त्याला तो उन्हाळा म्हणायचा. गुडघे वाकायचे, त्याला लय म्हणायचा.

शेवंतीने केर काढताना एकदा ती गिटार उचलली. टँकर आला की दोन हंडे घेऊन तीन जिने चढणारी बाई ती. तिच्या हाताला वजन शिकवायला काटा लागत नव्हता.

“अहो, ही तीन किलो?”

“काट्यावर बघितलीय मी, डोळ्यांनी.”

“कोणाच्या काट्यावर?”

“नाथाच्या.”

शेवंतीने तोंड उघडलं. पण गेले आठ दिवस हा माणूस डाव्या कुशीवर झोपत होता. झोपेत हसत होता. तिने तोंड मिटलं आणि केर बाहेर टाकला.

काशीगावला जयंतीचा मांडव दणदणीत होता. संध्याकाळी माणसं जमली, वस्तीतल्या बायकाही येऊन पुढे बसल्या, स्टेजवरच्या खुर्च्या भाषणवाल्यांनी भरल्या. वाद्यं लागत होती. निकेतने महिपतची ती ‘तीन किलोची’ म्हणून पार्टीभर मिरवलेली गिटार बाजूला सरकवायला म्हणून उचलली आणि त्याच्या केसांतलं जेल वितळलं. महिपत चहाला गेला तसा हा गिटार घेऊन समोरच्या किराणा दुकानात गेला आणि तिथल्या तराजूवर चढवली. तो वाण्याचा तराजू. त्याचा स्वभाव नाथाच्या काट्याच्या बरोब्बर उलटा. साखर एक किलो ठेवा, सव्वा दाखवायचा.

निकेत परतला तो थेट माईकवर. “हॅलो, हॅलो, चेक. महिपतकाकांची तीन किलोची गिटार साडेआठ किलो भरली आहे. चेक.”

मांडवभर खसखस पिकली. महिपत चहा टाकून स्टेजवर धावला. त्याने गिटार गळ्यात अडकवली मात्र, खांद्यातून अशी कळ गेली की तो मटकन खाली बसला. साडेआठ! आकडा खांद्यावर बसला होता.

“झालं,” नागोराव म्हणाले. “महिपत, खंजिरी घे. निकेत, डावा हात मोकळा कर.”

“काका, खुर्ची देऊ का खुर्ची?” निकेत म्हणाला.

तेव्हा पुढच्या रांगेतून शेवंती उठली. पदर खोचला.

“कोणाच्या तराजूवर मोजली रे?”

“वाण्याच्या, काकू.”

“वाण्याच्या!” ती बायकांकडे वळली. “ऐकलंत गं? वाण्याचा तराजू म्हणे!” बायका खदखदून हसल्या. कुठल्या ना कुठल्या वाण्याच्या तराजूने लुबाडली नाही अशी एकही बाई तिथे नव्हती. “नाथा आलाय का? काटा घेऊन ये रे!”

नाथा आलाच होता. जिथे मांडव तिथे पुठ्ठे, आणि जिथे पुठ्ठे तिथे नाथा. मांडवाच्या खांबाला काटा बांधला, गिटार लावली. खांब तिरका झाला. सुई तीन.

“तीन!” बायकांनी टाळ्या पिटल्या.

“अहो, तो काटा खोटा आहे!” निकेत ओरडला. “सगळ्या भाईंदरला माहितीय!”

“खोटा?” शेवंती भर सभेत म्हणाली. “माझ्या घरची रद्दी इतकी वर्षं याच काट्यावर गेलीय. मी सांगते, या काट्याइतका सच्चा काटा दुसरा नाही. आहे कोणाची हिंमत नाही म्हणायची?”

नाथाच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा मान त्याच्या काट्याला सात पिढ्यांत कुणी दिला नव्हता.

नागोराव मात्र वेगळाच विचार करत होते. निकेतचा कीबोर्ड पेटीसकट फार जड, म्हणून दर कार्यक्रमाला पार्टी त्याला जाण्यायेण्याची रिक्षा देत असे. “नाथा,” ते हळूच म्हणाले, “जरा हा कीबोर्ड लाव बघू. पेटीसकट. स्टँडसकट.”

तीन.

“तीन किलोला रिक्षा?” नागोराव निकेतकडे वळले. “उद्यापासून बस. आणि हा काटा आजपासून पार्टीचा काटा.” मग हुरूप येऊन लोकांनी ढोलकी लावली, तीन. स्पीकरचा खोका लावला, तीन. मुख्य पाहुण्यांच्या हारांची टोपली लावली, तीन. पाहुणे जरा नाराज झाले, त्यांना आपले हार जास्त भरतील असं वाटलं होतं.

कार्यक्रम सुरू झाला. “बेसवर साथ, आयुष्मान महिपत!” महिपत उठला, पट्टा गळ्यात घातला. शेवंती त्याच्याकडे रोखून बघत होती. तो उभा राहिला. नागोराव तिसऱ्या कडव्याला खाली उतरले, आणखी खाली उतरले, आणि विहिरीच्या तळाला पोचले तेव्हा महिपतने पाचवी तार छेडली. पाहुण्यांसमोरचे स्टीलचे ग्लास थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत चालत गेले. नागोरावांचा नसलेला आवाज त्या घुमण्यात झाकला गेला आणि मांडवाने टाळ्यांचा कडकडाट केला.

अर्ध्या कार्यक्रमात महिपतचा हात बधिर झाला. डोळ्यांपुढे काजवे नाचायला लागले. निकेत कानाशी येऊन गोड आवाजात म्हणाला, “काका, बसा की जरा.”

महिपतने दात आवळले. “तीन किलोला खुर्ची कशाला रे?”

तो शेवटपर्यंत उभा राहिला. बेस त्याचाच राहिला. त्या कार्यक्रमाला, पुढच्या कार्यक्रमाला आणि खांदा आहे तोवर. फक्त ‘जड आहे’ म्हणायची सोय आता जन्मात उरली नाही.

महिना संपला. नाथा दारात आला. शेवंतीने महिनाभराचे पेपर, शेजारणीकडचे पुठ्ठे आणि एक मोडकी लोखंडी खाट आणून ठेवली. नाथाने सगळं एकत्र बांधून आकड्याला लावलं. सुई तीन.

शेवंतीने तोंड उघडलं.

“काय वहिनी?” नाथाने अदबीने विचारलं. “भर सभेत तुम्हीच म्हणालात.”

जिन्यात तिच्यामागे आपापले गठ्ठे घेऊन साऱ्या बायका उभ्या होत्या आणि एकजात तिच्याकडे बघत होत्या. ते बघणं कुठल्याही काट्यावर मावलं नसतं. शेवंतीने तीन किलोचे पैसे घेतले आणि दार लावून घेतलं.

आत महिपत उघड्या अंगाने पालथा पडला होता, तेलाची वाटी उशाशी.

“किती भरलं?” त्याने उशीतूनच विचारलं.

“तीन.”

महिपतने डावा खांदा हलवून बघितला आणि कण्हला.

“तीन म्हणजे काही कमी नसतं गं,” तो म्हणाला. “चोळ.”