रतनबाईने मागवलेले पाणी

रतनबाई गेल्याचे कळले त्या दिवशी मी काठोकाठ भरलेली होते.

ट्रक वडवणीत खरेदी-विक्री संघाच्या फाटकाशी थांबला. संघाचा राखणदार धुळाजी एरवी फाटक उघडता उघडता काहीतरी टोमणा मारायचा. त्या दिवशी त्याने फाटक उघडले नाही. तो ट्रकच्या पायरीवर चढला आणि म्हणाला, "हरिबा, इंजन बंद कर. खाली उतर."

"का रं? माल उतरवायचाय."

"माल उतरवतील लोक. तू घरी चल." धुळाजीने खाली पाहिले. "वैनी गेल्या. काल सकाळी. दोन दिस ताप व्हता. निरोप धाडला, पर तू मुंबईहून निघाला व्हतास."

हरिबा खाली उतरला. आरशाच्या दांडीला बांधलेली माझी दोरी त्याने सोडली. गाठ पक्की होती, वेळ लागला. धुळाजी म्हणाला, "ती राहू दे की." हरिबा म्हणाला, "न्हाई. ही तिची हाय."

मित्रांनो, ती मी. मी एक छागल आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी छागल पाहिलीही नसेल. जाड कापडाची पिशवी, दुहेरी शिवण, तोंडाला लाकडी बूच आणि धरायला दोरी. ट्रकला टांगली की वारा लागतो, कापड ओले राहते आणि आतले पाणी गार होते. गार करण्यासाठी आम्हाला थोडे पाणी गळू द्यावे लागते. जपून ठेवलेलेही हळूहळू जातेच.

हरिबाने मला बीडच्या बाजारातून आणले तेव्हा बहात्तरचा दुष्काळ होता. नव्या छागलीला आधी पाणी पाजावे लागते, म्हणजे धागे फुगतात आणि भोके बुजतात. रतनबाईने मला घमेल्यात भिजत घातले. त्या दिवशी घरात पाण्याचा एकच हंडा होता. त्यातले अर्धे मी प्याले. ती म्हणाली, "पी बाई. तुला लांब जायचंय."

हरिबा संघाचा ड्रायव्हर होता. मुंबईच्या गोदीतून लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, आणायचा, आणि गावोगाव ती वाटली जायची. रतनबाई रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. बाजाराच्या दिवशी वडवणीला तंबूतला सिनेमा यायचा. त्याला मात्र ती जायचीच. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मध्ये कापड. बाकीच्या बायका गाणी बघायच्या, रडायच्या. रतनबाई माणसांच्या मागचे बघायची.

एकदा घरी येऊन ती म्हणाली, "अवो, त्या कोर्टाच्या पायऱ्या मी वळखते. मागल्या सिनेमात ह्याच पायऱ्यांवर बाप मेलता. आता ह्याच पायऱ्यांवरून दुसऱ्याला बेड्या घालून नेला. तेच जाड खांब. असल का वो ती जागा खरी?"

"सिनेमात समदं खोटंच असतंय."

"माणसं खोटी असतील. दगूड कशाला खोटं बोलल?"

पुढच्या खेपेला माल भरेपर्यंत हरिबाला मोकळीक होती. मला खांद्याला अडकवून तो विचारत विचारत फोर्टात गेला. जागा सापडली. रुंद पायऱ्या, जाड खांब. तो वरपर्यंत चढला आणि कोपऱ्यावरच्या नळाखाली त्याने मला भरून घेतले. घरी आल्यावर म्हणाला, "हाय तुझी जागा. पर कोर्ट न्हाई ते. पुस्तकांचं घर हाय."

"पुस्तकाच्या घरात बेड्या घातल्या?" रतनबाई हसत सुटली. मग तिने माझे बूच काढले, पाणी ओंजळीत घेतले आणि प्यायली. म्हणाली, "म्हंजी गेलते खरं. तुमचं तोंड काय, रस्ता वळंल तसं वळतंय. छागल खोटं बोलत न्हाई."

तेव्हापासून हा रिवाजच पडला. तिने सिनेमात जागा हेरायची, खुणा सांगायच्या, आणि हरिबाने ती शोधून जवळचे पाणी माझ्यात भरून आणायचे. दगडी कारंजे सापडले. टेकडीवरचा बुटाच्या आकाराचा बंगला सापडला. समुद्राकाठची वळणदार भिंत तर ट्रकमधूनही दिसायची. ती स्वतः कधी गेली नाही. संघाच्या गाडीत बाईमाणूस बसवायचे नाही असा नियम होता. ती म्हणायची, "मला कवा नेताव?" तो म्हणायचा, "पुढल्या खेपेला."

मग ती एक जागा आली.

सिनेमात चारी बाजूंनी पायऱ्या असलेले मोठे तळे होते. काठाला देवळे, दगडी दीपमाळ, पाण्यात दोन बदके. तळे गच्च भरलेले. रतनबाई घरी आली ती थेट चुलीपुढे बसली. भाकरी थापताना म्हणाली, "मुंबईत बारव हाय. आन् भरलेली हाय."

मित्रांनो, गावची बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, त्या वर्षी तळापर्यंत कोरडी होती. शेवटच्या पायरीच्या खाली भेगा पडल्या होत्या. रतनबाईची आई सांगायची, आटलेल्या पाण्याला भरलेले पाणी दाखवावे, मग ते वाट ओळखून परत येते. म्हणून रतनबाईला त्या तळ्याचे पाणी हवे होते. या वेळी पिण्यासाठी नव्हते.

हरिबाने खरोखर शोधले. दाणाबाजारात हमालांना विचारले. ते म्हणाले, "मुंबईत बारव? डोस्कं फिरलं का, ड्रायव्हर?" दोन खेपा तशाच गेल्या. दोन्ही वेळा रतनबाई दारात उभी राहिली, बूच काढून वास घेतला आणि आत गेली. तिसऱ्या खेपेला हरिबा थकला. गोदामाच्या नळाखाली त्याने मला धरले, बूच लावले आणि घरी येऊन म्हणाला, "ही घे. तुझ्या बारवेचं पाणी."

रतनबाईने चप्पल काढली. मला दोन्ही हातांत धरून ती बारवेच्या तळापर्यंत उतरली. सगळे पाणी भेगांवर ओतले. मला बोलता येत नाही. येत असते तर मी तिथेच ओरडले असते.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. बारव सातव्या पायरीपर्यंत भरली. रतनबाई ज्याला त्याला सांगू लागली, "मुंबईचं पाणी दाखवलं म्हणून आली." बाया तिला मान देऊ लागल्या. नवी नवरी गावात आली की रतनबाई तिला बारवेवर न्यायची आणि मलाही दाखवायची. हरिबा त्या वेळी तिथून उठून जायचा. नंतर नंतर तर त्याने मला ट्रकला बांधणेच सोडले. प्लास्टिकचा डबा आला, मी खुंटीवर गेले. वापर नाही तशी वाळत गेले, घडीवर चिरले. रतनबाई आठवड्यातून एकदा मला ओले करायची. "कामाला आली व्हती ही," म्हणायची.

चौदा वर्षांनी पुन्हा दुष्काळ आला. बारव आटली. रतनबाईने मला खुंटीवरून काढले, भिजवले, चीर शिवली आणि ट्रकला स्वतःच्या हाताने बांधले. "त्याच जागेचं आणा," म्हणाली.

हरिबा मान खाली घालून गाडीत बसला. वाटेत लिंबागणेशला त्याने ट्रक थांबवला, गणपतीच्या देवळापुढे बराच वेळ उभा राहिला. मुंबईत बिभीषण नावाचा हमाल भेटला, पाटोद्याकडचा. हरिबाने खुणा सांगितल्या. बिभीषण म्हणाला, "आरं, ती बाणगंगा! वाळकेश्वरला. आमच्या शेठचा दहावा तिथंच झाला, म्या सोता गेलतो. कुनी सांगितलं न्हाई तुला?"

"चौदा वर्सं झाली, एकानंबी न्हाई."

"तू हमालांना इचारलास. भटाला इचारायचं व्हतं."

हरिबा बसने गेला. गल्लीतून खाली उतरला आणि थांबला. पायऱ्या, दीपमाळ, देवळे. बदकेसुद्धा. रतनबाईने सांगितल्यात आणि समोरच्यात काहीच फरक नव्हता. त्याने मला पाण्यात दाबून धरले, आणि माझ्यातून बुडबुडे येत राहिले तोवर तो तिथल्या तिथे बोलत होता, "पैलं खोटं व्हतं, रतन. हे खरं हाय. मागलं मला माफ कर." घरी गेल्यावर म्हणायचे शब्द तो घोकत होता. खंडाळ्याच्या घाटातही तो तेच म्हणत होता.

पुढचे तुम्हाला ठाऊक आहे.

घरी आल्यावर त्याने मला खुंटीला लावले. माणसे भेटायला येत होती. बाया रडता रडता म्हणत, "मुंबईचं पाणी आणून बारव भरली माझ्या बाईनं." हरिबा भिंतीकडे तोंड करून बसायचा. मी थेंबाथेंबाने गळत होते. खाली जमिनीवर ओला डाग पडला होता, तो कोणाला दिसला नाही. बारा दिवसांनी हरिबाला आठवण झाली. त्याने मला उचलले. मी हलकी होते.

मित्रांनो, तुमच्या घरात अशी एखादी जुनी वस्तू असेल तर तिला कोरडी पडू देऊ नका. आणि कोणी तुमच्याकडून एखाद्या जागेचे पाणी मागितले तर त्याच जागेचे द्या. सापडली नाही तर सापडली नाही म्हणून सांगा.

हरिबाने ड्रायव्हरकी सोडली आहे. तो आता मला रोज ओली करतो. नवी नवरी आली की बाया तिला बारवेवर नेतात आणि तीच गोष्ट सांगतात. हरिबा अजून कोणाला काही बोललेला नाही. बारव कोरडी आहे. बाणगंगेचे पाणी तिच्यात अजून पडलेले नाही.