वरच्या वळणावरचा पंप

ड्रागुना आणि स्तामेना, दोघी नव्या सुना होत्या तेव्हापासून पेक नदीवर जोडीनं सोनं धूत आल्या होत्या. स्तामेना काठची खडी खणून लाकडी पन्हळीत टाकायची आणि ड्रागुना डब्यानं वरून पाणी सोडायची. पन्हळीच्या तळाला जुन्या गालिच्याचा तुकडा अंथरलेला असे. रेती वाहून जाई, सोन्याची कणी लोकरीत अडकून राही. पाणी जास्त झालं तर कणीही जायची, कमी पडलं तर रेतीच साचायची. ड्रागुनाचा हात मात्र कधी चुकत नसे.

त्या उन्हाळ्यात स्तामेनाची सून तियाना नदीवर आली ती ट्रॅक्टरची बॅटरी, सौर पॅनेल आणि मुठीएवढा पंप घेऊनच. पॅनेल उन्हात टेकवलं, पंप पाण्यात सोडला, एक बटण हळूच फिरवलं. नळीतून पन्हळीत पाणी यायला लागलं.

"ड्रागुना, तू बस गं आता सावलीत," स्तामेना म्हणाली. "खांदे दुखतात तुझे."

"मी कधी म्हटलं दुखतात?"

"अगं, वय झालं की आपलं!"

ड्रागुना सावलीत बसली. पंप गुणगुणत होता. सासू-सून कशावरून तरी खिदळल्या.

"काय झालं गं?" ड्रागुनानं विचारलं.

"काही नाही. आमचं घरातलं."

*आमचं* हा शब्द तिच्या घशात माशाच्या काट्यासारखा रुतला. घरी गेल्यावर तिनं सूपही ढकलून दिलं. ही कालची पोर! हिला पेकची रेती ठाऊक नाही, आणि स्तामेना तिच्याकडे अशी बघते की जणू नदी तिनंच आणली.

शनिवारी कुचेवोच्या बाजारातून ड्रागुनानं तसाच एक पंप घेतला. सोमवारी सकाळी नवरा ट्रायलो गवत कापायला गेल्याबरोबर तिनं त्याच्या गाडीची बॅटरी काढली, घरातल्या जुन्या पन्हळीसकट हातगाड्यावर घातली आणि नदीच्या वरच्या वळणावर नेली. आवाज खाली स्तामेनापर्यंत ऐकू जाईल अशीच जागा तिनं मुद्दाम निवडली.

तिच्या पंपाला वेग कमी-जास्त करायचं बटण नव्हतं. तारा जोडल्या तसा पाण्याचा लोट पन्हळीत आदळला. ती एकटीच खणायची, एकटीच टाकायची, आणि गालिचा उचलून बघावं तर काळी रेतीसुद्धा उरलेली नसायची. पाठ मोडून आली, तरी ती थांबली नाही. खाली ऐकू जात असेल, एवढ्यावरच तिचा दम टिकला होता.

दुपार कलली. बॅटरी उतरायला लागली आणि पंपाचा आवाज खाली आला. धार बारीक झाली, आणखी बारीक झाली. बघता बघता पाणी अगदी तिच्या डब्यातून पडायचं तसं पडू लागलं. तिनं भराभर खडी टाकली. गालिच्यावर पहिली पिवळी कणी दिसली, मग दुसरी. तेवढ्यात पंप बंद पडला.

घरी ट्रायलो उघड्या बॉनेटजवळ धुतला सदरा घालून उभा होता. संध्याकाळी बहिणीकडे सण होता.

"बॅटरी फिरायला गेली होती का?"

त्यानं ती बसवली, किल्ली फिरवली. नुसतं टिक टिक झालं.

"आता तूच ढकल मला शेजारच्या गावापर्यंत," तो म्हणाला. मग स्वतःच स्तामेनाकडे गेला.

तियाना आपली बॅटरी आणि जाड तारा घेऊन आली. मागोमाग स्तामेनाही आली. दोन चिमटे लावले, गाडी सुरू झाली.

"काकू, बॅटरी इतकी उतरवू नका, लवकर मरते," तियाना म्हणाली. ड्रागुनानं तिच्याकडे बघितलं नाही.

स्तामेना कुंपणाशी घोटाळत होती. "वर दिवसभर आवाज येत होता," ती शेवटी म्हणाली. "कोणाशी जोडी जमवलीस?"

तिच्या आवाजाला धार होती. ड्रागुनाला ती ओळखू आली. गेले कित्येक दिवस तीच धार तिच्या स्वतःच्या पोटात सलत होती. दिवसभराचा शीण एकदम उतरला.

"आहे एक," ती म्हणाली.

"गावातली?"

"नाही. फार बोलत नाही बिचारी."

"बरं झालं. मिळाली तुला," असं म्हणून स्तामेना तरातरा निघून गेली. ड्रागुनानं तिला थांबवलं नाही. सणाच्या जेवणात ती दोनदा वाढून घेऊन जेवली.

सकाळी अंगणात स्तामेना उभी होती, डोळे सुजलेले.

"वर जाऊन बघून आले. एकाच माणसाच्या पावलांचे ठसे आहेत. खोटारडी!"

"मग?"

"मग काय? चल. त्या पोरीला पाणी जमत नाही. कणी वाहून जाते."

ड्रागुना गेली. तियानाच्या पंपाच्या बटणाशी बसली, धार कमी केली, गालिच्याकडे बघत अजून जराशी कमी केली. तियानानं हात पुढे केला तशी तिनं तो चापटी मारून बाजूला सारला. "बघ आधी," ती म्हणाली. तियाना मुकाट्यानं बघत बसली. दुपारपर्यंत गालिच्यावर बरीच कणी जमली.

मग स्तामेनानं थर्मासातली कॉफी ओतली. पहिला कप तिनं सुनेला दिला, आणि ड्रागुनानं ते बघितलं.