एकेचाळीस टिकल्या

मित्रांनो, आपली कहाणी सांगायला बसणारी वस्तू जुनी असावी लागते असा रिवाज आहे. गंजलेली घंटा, फाटकी छत्री, शाई सुकलेली दौत, अशा कुणीतरी उसासा टाकून सुरुवात करायची. माझी तेवढी पात्रता नाही. मी एक नवा सिंथेसायझर आहे. लालबागेत येऊन मला दीड वर्षही झालेलं नाही, आणि माझ्या खोक्यातला थर्माकोल अजून माळ्यावर जपून ठेवलेला आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या शेवटच्या टेबलावर एक बाई बसायची. माझ्या पाठीतल्या बारीक भोकांतून पेचकस घालून ती एकेक सूर जागेवर आणायची आणि तो जागेवर आला की टेबलावर दोनदा टकटक करायची. माझ्याबद्दलचं पहिलं मत ते. त्यानंतर पुष्कळांनी पुष्कळ मतं दिली, पण इतकं थोडक्यात कुणी बोललं नाही.

मी काय आहे ते आधी सांगतो, म्हणजे पुढचा गोंधळ होणार नाही. साध्या कीबोर्डच्या पोटात बासरी, सनई, व्हायोलिन असे शेकडो आवाज भरून ठेवलेले असतात. बटण दाबलं की आवाज हजर. माझ्या पोटात आवाज नाहीत, नुसती वीज आहे. माझ्या अंगावर फिरवायची एकेचाळीस बटणं आहेत. ती फिरवून त्या विजेतून आवाज घडवावा लागतो. एका वेळी माझ्यातून एकच सूर निघतो. आणि मला काहीही लक्षात राहत नाही. बटणं हलली की आधीचा आवाज गेला, तो परत हवा असेल तर प्रत्येक बटण पुन्हा होतं तिथेच नेऊन ठेवायचं.

मला मागवलं अक्षदा परबने. ती दादरच्या एका स्टुडिओत सिनेमातले आवाज साफ करायचं काम करते. तिचे वडील गंगाधरकाका पोस्टात होते, पण लालबाग-परळमध्ये त्यांना पोस्टातले म्हणून कुणी ओळखत नाही. ते सातेरी बेंजो पार्टीचे गंगाधर. बेंजो म्हणजे तारा लावलेली लाकडी पेटी. डाव्या हाताने तिची बटणं दाबायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या. गणपतीच्या मिरवणुकीत टेम्पोवर बसून काका तीस वर्षं बेंजो वाजवत होते. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना ते मध्येच असा काही ओढा घ्यायचे की पुढचा सूर येईपर्यंत नाचणाऱ्याचा पाय वर तो वरच राहायचा. हे मी ऐकलेलं सांगतो. मी आलो तेव्हा काकांचा डावा हात अर्धांगवायूने गेलेला होता आणि बेंजो कपाटावर चादरीत गुंडाळलेला होता.

पार्टी बंद पडली नव्हती. काकांचा पुतण्या वरद ती चालवत होता, कीबोर्डवर तयार आवाज लावून. बेंजो त्याने वाजवून पाहिला होता, पण तो ओढा त्याच्या बोटांत उतरेना. तो काकांना म्हणाला, तुम्ही टेम्पोवर नुसते बसा, तेवढाच मान. काका म्हणाले, "माझा आवाज नाय, तर मी येऊन काय करू? नारळ फोडू?" त्यानंतर ते सतराव्या मजल्यावरून खाली उतरले नाहीत. दिवसभर खिडकीत खुर्ची टाकून बसायचे. अक्षदाला त्याची धास्ती वाटत होती. तो आवाज माझ्यातून काढायचा, म्हणजे बाबा त्याच्याबरोबर खाली उतरतील, एवढाच तिचा हिशेब होता. मला आणण्याचं कारण ते.

आता मतं. वरदने मला पाहून नाक मुरडलं. एवढ्या बटणांत एक तबलासुद्धा नाही, वर एका वेळी एकच सूर, हा ताईने घेतला कशाला, असं तो माझ्यासमोरच म्हणाला. अक्षदाची मैत्रीण श्रेया म्हणाली, दिसायला फार सुंदर आहे. नलूकाकू, म्हणजे अक्षदाची आई, म्हणाल्या की धूळ फार धरतो. तिघांचंही खरं होतं. ज्या दुकानातून मला मागवलं त्यांच्या पानावर मालकांनी आपलं मत लिहायचं असतं. तिथे कुणी लिहिलं होतं की याचा आवाज साजूक तुपासारखा दाट आहे, कुणी लिहिलं होतं की बटणं ताठ आहेत. अक्षदाने गुण आणि दोष असे दोन रकाने उघडले आणि रिकामे ठेवून बंद केले.

काकांनी चार महिने काहीच मत दिलं नाही. अक्षदा रोज कामावरून आली की चहा घेऊन माझ्यासमोर बसायची. फोनमध्ये जुन्या मिरवणुकींचे तुकडे होते. ढोल, ताशे आणि गाड्यांचे हॉर्न यांच्या गर्दीतून ती बेंजो शोधायची आणि मग माझी बटणं फिरवायची. काका पाठ करून बसलेले असायचे, ढिम्म हलायचे नाहीत. एकदा मात्र ते बोलले. मला चालू केलं की पहिली वीस मिनिटं माझा सूर सरकत राहतो, अंग गरम झालं की स्थिर होतो. अक्षदा वैतागून घड्याळ बघत होती. काका खिडकीकडेच बघत म्हणाले, "तारापण उन्हात उतरायच्या. गरम होऊ दे त्याला." मित्रांनो, मी कुणाच्या बोलण्याने हुरळून जाणारा नाही, पण मला ते आवडलं.

जुलैमधल्या एका रविवारी ते जमलं. अक्षदाने एका सुरावरून दुसऱ्यावर बोट नेलं, मध्ये ओढा आला, आणि खिडकीतली खुर्ची करकरली. काका वळले होते. "हां," ते म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, पहिली सुपारी कधीची? सुपारी म्हणजे मिरवणुकीचं बोलावणं. अक्षदाने तारीख सांगितली. परळच्या कारखान्यातून नायगावच्या बीडीडी चाळीपर्यंत गणपती न्यायचा होता. काका म्हणाले, हा आवाज असेल तर येतो.

त्या दिवशी तिने माझा फोटो काढला. पण तो आवाज केसाएवढ्या फरकावर बसलेला होता आणि केसाएवढा फरक फोटोत दिसत नाही. म्हणून तिने नलूकाकूंच्या ड्रॉवरमधून टिकल्यांची पाकिटं आणली आणि प्रत्येक बटणाची पांढरी रेघ जिथे थांबली होती तिथे एक लाल टिकली लावली. एकेचाळीस टिकल्या लागल्या. मग याला कुणी हात लावायचा नाही, असं तिने सगळ्यांना सांगितलं. का, ते मात्र सांगितलं नाही. घरात तसं सांगायची पद्धत नसते.

हंगामातल्या पहिल्या सुपारीला निघण्याआधी पार्टीच्या सगळ्या वाद्यांची पूजा होते. हा गंगाधरकाकांनीच घातलेला पायंडा. ढोल, ताशे, झांजा पाटावर मांडायच्या, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची. यंदा मीही पूजेत होतो. पूजेला बसवायची वस्तू स्वच्छ हवी हे नलूकाकूंना कुणी शिकवायची गरज नाही. अक्षदा सकाळी फुलं आणायला दादरला गेली होती. काकूंनी ओलं फडकं पिळून घेतलं आणि मला पुसायला सुरुवात केली. आरशाला टिकल्या चिकटलेल्या त्यांना कधी खपत नाहीत. त्यांनी त्या नखाने एकेक सोडवल्या, फडकं बटणांच्या सांदीत घालून गरागरा फिरवलं, आणि शेवटी एकेचाळीस बटणांच्या रेघा सरळ वर केल्या, प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलांसारख्या. इतका स्वच्छ मी कारखान्यातून निघालो तेव्हाही नव्हतो.

अक्षदा आली, तिने मला पाहिलं आणि फुलांची पिशवी जमिनीवर ठेवली. ती ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, "आई, टिकल्या कुठायत?"

नलूकाकूंनी हातातलं फडकं दाखवलं. मग त्यांच्या लक्षात आलं. "माका काय ठावक?" त्या म्हणाल्या. "पूजेक ठेवूचा म्हणून मी पुसलंय." आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत.

टेम्पो दीड तासात खाली येणार होता. अक्षदाने मला चालू केलं, फोटो समोर ठेवला आणि भराभर बटणं लावली. सूर वाजवला. आवाज जवळपासचा आला, पण लांबच्या नातेवाइकासारखा, नाकीडोळी तोच आणि तरी दुसराच. तिने पुन्हा लावली. मग तिसऱ्यांदा. आज बाबा वर राहिले तर पुढच्या वर्षी त्यांना कुणी विचारणारही नाही, हे तिला दिसत होतं. मला तिची कीव आली. माझ्या पोटात तो आवाज काल होता आणि आज तो कसा होता हे मी तिला सांगू शकत नव्हतो.

"हा नाय," खिडकीतून काका म्हणाले.

"माहीत आहे बाबा," ती म्हणाली आणि तिने बटणावरचा हात काढला.

काकांनी काठी घेतली, उठले आणि माझ्यासमोर येऊन बसले. मी आल्यापासून ते पहिल्यांदा माझ्या इतके जवळ आले होते. त्यांनी आधी पंखा बंद करायला लावला. मग माझ्या अंगावर तळहात ठेवून मी गरम झालोय का ते पाहिलं.

"तू सूर धर," ते अक्षदाला म्हणाले. "सोडू नको."

तिने एक पट्टी दाबून धरली. काकांनी उजव्या हाताने पहिलं बटण फिरवलं. कुठलं बटण काय करतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते फिरवायचे, ऐकायचे, आवाज बिघडला तर मागे यायचे, सुधारला तर तिथेच थांबायचे. त्यांची नजर बंद पंख्याच्या पात्यांवर होती. माझ्याकडे किंवा फोटोकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. खालून वरदचा फोन आला, टेम्पो लागलाय. कुणी उचलला नाही. स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली होती आणि नलूकाकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

पाऊण तासाने काका म्हणाले, "आता खालच्या सुरावरून वर ये." अक्षदा आली. मध्ये ओढा आला. तो जुलैतल्या त्या रविवारच्यापेक्षा थोडा लांब होता. काकांनी डोळे पुसले, उजव्याच हाताने, आणि विचारलं, "माझी टोपी खय आसा?"

मिरवणुकीबद्दल मी फार सांगणार नाही, मिरवणुका तुम्ही पाहिलेल्या आहेत. मला टेम्पोवर बसवलं. पट्ट्यांवर अक्षदा आणि शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत काका. ती सूर वाजवायची, आणि एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना किती ओढायचं ते काका बटणाने ठरवायचे. ऊन लागून माझा सूर दोनदा उतरला, दोन्ही वेळा त्यांनी तो परत वर आणला. परळ नाक्यावर दगडू म्हणून त्यांचा जुना ढोलवाला रस्त्याच्या कडेला पाठ करून उभा होता. टेम्पो त्याच्या मागून आला. त्याने मान वळवायच्या आधीच शेजारच्याला विचारलं, "गंगाधर आला काय रे?" काकांनी ते ऐकलं. त्यांनी ओढा जरा लांबवला.

दुसऱ्या दिवशी अक्षदा टिकल्यांचं नवं पाकीट घेऊन माझ्यासमोर बसली. काका खिडकीतून म्हणाले, "नको लावू. उद्या परत बघू."

तिने पाकीट आईच्या ड्रॉवरमध्ये नेऊन ठेवलं. मग दुकानाचं ते पान उघडून रिकामे रकाने भरले. दोष: याच्या काहीही लक्षात राहत नाही. गुण या रकान्यातही तिने तेच वाक्य लिहिलं.

मित्रांनो, माझ्यासारखे दुसरे शेवटी हात जोडून म्हणतात, आम्हाला जपा, धूळ बसू देऊ नका, फेकू नका. धुळीचं मीही म्हणतो. मात्र जपायचं म्हणून मला काचेच्या कपाटात ठेवू नका. मी कुणाच्या तरी हाताखाली बरा असतो. आणि घरात कुणाचे हात रिकामे बसले असतील, तर त्यांनाही माझ्यासारखंच वागवा.

आमच्या घरी हे नलूकाकूंना सांगावं लागत नाही. हल्ली रोज सकाळी सगळे चहा घेत असताना त्या फडकं घेऊन येतात आणि मला पुसतात. पुसून झालं की त्या एकदा खिडकीकडे बघतात, आणि एकेचाळीस बटणं एकेक करून सरळ वर करून ठेवतात. मग दहा वाजता काकांची खुर्ची करकरते.