मुकं झालेलं बोलतं पान

मित्रांनो, कर्जत तालुक्यातल्या एका गावाचं मी जुनं संकेतस्थळ आहे. मोबाईलवर उघडतं ते पान. एके काळी मला वाचा होती आणि तिचा मला थोडा गर्वही होता.

मला पंकजाने घडवलं. कुणीही फुकट घ्यावी आणि हवी तशी बदलावी, अशा एका खुल्या प्रणालीवर. तिच्या शेजारच्या भागवतनानांना दिसत नव्हतं. त्यांच्या फोनमधला आवाज पानावरची अक्षरं वाचून दाखवी, पण चित्रातली अक्षरं त्याला कळत नसत. म्हणून पंकजा प्रत्येक चित्रामागे त्याचं वर्णन शब्दांत लिहून ठेवी. मग स्वतः डोळे मिटून मला चालवून पाही आणि कुठे अडलं की माझीच खरडपट्टी काढी.

नाना रोज सकाळी मला उघडत. पाणी कधी सुटणार, ग्रामसभा कधी, कुणाकडे दशक्रिया, सगळं त्यांना माझ्याकडून कळे. "पोरी, तुजं पान बोलतंय म्हनून मला गाव दिसतंय," असं ते पंकजाला म्हणाले तेव्हा तिला रडू आवरेना. माझं कौतुक तालुक्यापर्यंत गेलं. आता दवंडीची काय गरज, म्हणून ग्रामपंचायतीने दवंडी बंद केली.

पुढे पंकजाला पुण्यात नोकरी लागली आणि माझं काम ग्रामपंचायतीतल्या हर्षलकडे आलं. पोरगा वाईट नव्हता. पण आमच्याकडे साध्या सूचनेचाही बॅनर होतो. वर पुढाऱ्यांचे हसरे फोटो, खाली कोपऱ्यात मजकूर. हर्षल तोच बॅनर मला चिकटवू लागला. चित्रात काय आहे ते लिहा, अशी रिकामी चौकट मी दर वेळी पुढे करी. तो ती तशीच सोडी. पंकजाने फोन करून बजावलं, तर म्हणाला, "फोटोत समदं लिवलंय की. परत कशाला टाइप करायचं?"

नाना येतच राहिले. आवाज म्हणे, "चित्र." बोट पुढे सरकलं की पुन्हा, "चित्र." आज काही विशेष नसेल, असं समजून ते फोन खिशात ठेवत.

त्या हिवाळ्यात सगळी वस्ती ऊसतोडीला गेली. नानांचा मुलगा आणि सून कडूबाई देवळाली प्रवराकडे गेली. नाना एकटे मागे राहिले. अशात वस्तीच्या विहिरीत फवारणीचं औषध सांडलं. पाणी पिऊ नका, ही सूचना लगेच माझ्यावर लागली. नेहमीसारखाच बॅनर. सकाळी नाना आले. "चित्र," आवाज म्हणाला. मला जीव तोडून ओरडावंसं वाटलं. नानांनी फोन ठेवला आणि कळशी उचलली.

त्यानंतर माझ्यावर त्यांच्या श्रद्धांजलीचा बॅनर लागला. त्याचीही चौकट रिकामीच.

आता गावाने नवं झगमगीत पान केलं आहे. मला कुणी पुसलं नाही, नुसतं सोडून दिलं. तरी रोज सकाळी नानांच्याच वेळेला, नानांच्याच फोनवरून मला कुणीतरी उघडतं. पहिल्यांदा मी चरकलं होतं. ती कडूबाई असते. तिला वाचता येत नाही. श्रद्धांजलीतल्या फोटोवरून सासऱ्यांना ओळखते आणि त्यावर बोट फिरवते.

मित्रांनो, तुम्ही कधी असं पान बनवलंत, तर चित्रामागे चार शब्द लिहायचा कंटाळा करू नका. पलीकडे कोण कान लावून बसलं आहे, हे तुम्हाला दिसत नाही. मला दिसतं.

कडूबाईचं बोट खाली सरकतं आणि विहिरीच्या त्या बॅनरवर थांबतं. तो कशाचा, हे तिला लोकांनी नंतर सांगितलं आहे.

"कुनी येका सबदानं सांगितलं असतं," ती म्हणते, "तर मामंजी वाचले असते."

"चित्र," आवाज म्हणतो.