नको त्या दिवशी फडकलेला बावटा

"बाबा, त्या दिवशी जाळ्याचा काठ तुम्ही खाली का नाही सोडलात?"

कोझुएने हे विचारलं आणि जाळ्यांच्या शेडमधल्या विणायच्या सगळ्या सुया एकदम थांबल्या. बाहेर बर्फ पडत होता. मासळीच्या रिकाम्या पेट्यांच्या आडोशाला तिच्या वर्गातल्या मैत्रिणी तोंडावर हातमोजे दाबून उभ्या होत्या. हिंमत असेल तर तुझ्या बाबांना विचारून दाखव, असं त्यांनी दुपारी डबा खाताना तिला डिवचलं होतं. कोझुए मागच्या वर्षीपर्यंत कोणी नाव विचारलं तरी लाल व्हायची. या वर्षी तिला कुठून तरी स्वतःचा आवाज सापडलाय, आणि नवी छत्री मिळालेल्या मुलीसारखी ती तो ऊन असो पाऊस असो उघडून बघते.

तिचे बाबा गेनपेई, म्हणजे आमचे तांडेल, बोटीचे म्होरके. त्यांनी मान वर केली नाही.

"चहा आणलायस, का नुसतीच आलीस?"

खलाशी हसले, पण ते हसू घशापर्यंतच होतं. कोझुए चहा आणायला गेली. प्रश्न मात्र कुठे गेला नाही. तो शेडमध्येच राहिला, बरोबर माझ्या खाली. कारण मी वर माळ्यावर होतो, गुंडाळलेला, दोरीने बांधलेला.

मित्रांनो, मी एक जुना बावटा आहे. साधासुधा नव्हे हं! मी भरघोस मासळीचा बावटा आहे. आमच्या कामोसाकी गावात नवी बोट पाण्यात उतरली की दोस्तमंडळी तिला बावटा भेट देतात, आणि बोट भरून आली तरच तो चढवायचा असा रिवाज आहे. रिकाम्या बोटीवर मला कोणी हातही लावत नाही. त्यामुळे माझा स्वभाव थोडा गर्विष्ठ झाला असेल तर समजून घ्या.

माझा जन्म शहरातल्या एका रंगाऱ्याकडे झाला. त्याने तांदळाच्या खळीने माझ्यावर रेघा ओढल्या, मग त्या रेघांच्या आत रंग भरले. सूर्य लालभडक, लाटा निळ्या, आणि लाटेतून उसळी मारणारा ट्यूना, पोटाकडे चांदीसारखा. मध्ये गेनपेईंच्या बोटीचं नाव, तोमोए-मारू. आणि खालच्या कोपऱ्यात ज्याने मला भेट दिलं त्याचं नाव, तोराजी.

तोराजी आणि गेनपेई लहानपणापासूनचे दोस्त. गेनपेईंनी जाळं घेतलं, किनाऱ्याजवळ समुद्रात कायमचं रोवलेलं, आणि त्यावर माणसं कामाला ठेवली. तोराजीला माणसांची कटकट नको होती. तो एकटा आपल्या लहानशा बोटीतून गळ टाकायचा आणि मासा एकेक करून धरायचा. तोमोए-मारू पाण्यात उतरली त्या दिवशी त्याने मला उलगडलं आणि सगळ्या गावासमोर म्हणाला, "मुद्दाम एवढा मोठा करून घेतलाय. वाऱ्यावर आला की तांडेलाचं नाक झाकलं जाईल, गावाची शोभा वाढेल." गेनपेईंनी त्याला तिथल्या तिथे पाण्यात ढकललं. मग तो बाहेर येताना त्याचा हात धरायला स्वतःच वाकले, आणि तोराजीने त्यांनाही आत ओढलं.

काय दिवस होते ते! मी डोलकाठीवर चढलो की बायका भाताचं पाणी ठेवायच्या. शाळेच्या खिडक्या पोरांच्या डोक्यांनी भरून जायच्या. मी आधी दिसायचो आणि बोट मागून. तोराजी समुद्रात कुठेही असला तरी मला बघून टोपी काढायचा आणि डोक्याभोवती गरगर फिरवायचा. मला वाटायचं, हे सगळं माझ्यामुळे चाललंय. मासे मी आणतो, भात मी शिजवतो, पोरांना मी हसवतो.

मग मासा कमी होऊ लागला.

एका वर्षी मच्छीमार सोसायटीच्या सभागृहात राजधानीतले एक साहेब आले. शोभेला म्हणून आम्हा सगळ्या बावट्यांना भिंतीवर टांगलं होतं, म्हणून मला सगळं ऐकायला मिळालं. साहेब तरुण होते आणि बूट काढताना एक मोजा फाटका निघाला म्हणून सभाभर पाय लपवत होते. त्यांनी सांगितलं की निळ्या परांचा ट्यूना संपत चाललाय. अंडी घालायच्या वयाचे फार थोडे उरलेत, कारण पोरवयातच आपण त्यांना उचलतो. देशोदेशीच्या माणसांनी एकत्र बसून ठरवलंय, लहान ट्यूना दरवर्षी अमुक इतकाच धरायचा. त्यातून प्रत्येक किनाऱ्याला एक वाटा. जाळंवाल्यांचा आणि गळवाल्यांचा मिळून एकच. वाटा भरत आला की सोसायटी बोटींना कळवेल. त्यानंतर जाळ्यात लहान ट्यूना आला तर काठ खाली सोडायचा आणि त्याला जाऊ द्यायचं. वाटा ओलांडला तर सगळ्यांचीच मासेमारी बंद, आणि वरचं जेवढं धरलं तेवढं पुढच्या वर्षांतून कापणार.

जाळंवाले उसळले. काठ खाली सोडला की नुसता ट्यूना जात नाही, त्याच्याबरोबर आलेले बुरी, सॅमन असले दुसरे मासे, सगळंच जातं. तोमोए-मारूवरच्या एका म्हाताऱ्या खलाशाने तर साहेबांना सांगितलं की तुम्हीच पाण्यात उतरा आणि माशांना वय विचारून दोन रांगा करा. सभा हसली. साहेबही हसले, पण नियम काही हसला नाही.

तेव्हा तोराजी उठला. त्याला सभेत बोलायची सवय नव्हती, त्याने टोपी हातात चुरगाळली.

"पातेलं एकच आहे, गेनपेई. माझा चमचा, तुझी परात. वाढून घेताना मागे कोण उभंय ते बघ, एवढंच."

गेनपेईंनी मान हलवली. मी पाहिलंय. मनापासून हलवली होती.

आणि मग तो शरदातला दिवस आला.

त्या वर्षी सॅमन आलाच नव्हता. खलाशी रोज जाळं ओढायचे आणि रोज त्यातून जेलीफिश झटकायचे. मी केबिनमध्ये घडी होऊन पडलो होतो. कधी एकदा बाहेर काढतात असं मला झालं होतं. त्या सकाळी जाळं उचलायला घेतलं आणि पाणी उकळल्यासारखं झालं. आत ट्यूनाच ट्यूना. सगळे पोरवयातले, कुत्र्याच्या पिल्लाएवढ्या लांबीचे, पाठी निळ्याशार. त्यांच्यात मधूनमधून बुरी. खलाशी एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले. एकजण तर रडत होता.

तेवढ्यात केबिनमधल्या रेडिओवर सोसायटीचा आवाज आला. वाटा भरत आलाय, लहान ट्यूना सोडून द्या.

काठाची दोरी गेनपेईंच्या हातात होती. ती ढिली सोडली असती तर काम झालं असतं. ते तसेच उभे राहिले. खलाशी त्यांच्याकडे बघत होते. म्हातारा खलाशी पुटपुटला, समुद्राने दिलेलं परत करायचं नसतं, तांडेल, तो पुन्हा देत नाही. आमच्याकडे सगळेच असं मानतात.

"ओढा," गेनपेई म्हणाले.

मासे वर आले. बोट वाकली. बंदराच्या दिशेने निघालो, आणि कोणीतरी नेहमीच्या सवयीने मला बाहेर काढलं. एवढी भरलेली बोट आणि बावटा नाही, असं कसं चालेल? कोणी विचार केला नाही. गेनपेईंनीही नाही. आणि मी, मित्रांनो, मी तर इतक्या दिवसांनी वारा मिळाल्याच्या आनंदात असा फडकलो, असा फडकलो की डोलकाठी कुरकुरली.

बंदराच्या तोंडाशी तोराजीची बोट आडवी आली. ती रिकामी होती. महिनाभर तिच्या गळाला काही लागलं नव्हतं, आणि त्या दिवशी कुठे मासा किनाऱ्याकडे वळला होता. त्याने मला पाहिलं. मी वाट बघत होतो, आता टोपी काढेल, फिरवेल. त्याने टोपी काढली नाही. भरलेल्या बोटीकडे पाहिलं, त्या लहान लहान निळ्या पाठींकडे पाहिलं, मग माझ्या कोपऱ्यातलं स्वतःचं नाव वाचावं तसं माझ्याकडे पाहिलं आणि सुकाणू फिरवलं.

संध्याकाळच्या आत सोसायटीच्या फळ्यावर लागलं. वाटा संपला, नुसता संपला नाही, ओलांडला. साऱ्या किनाऱ्याचे गळ वर घ्या. हे फक्त त्या वर्षापुरतं नव्हतं, पुढची कितीतरी वर्षं त्यात गेली. ज्यांनी एकही मासा धरला नव्हता त्यांचीसुद्धा.

त्या दिवसानंतर मी माळ्यावर आहे. मला कोणी फाडलं नाही, जाळलं नाही. नुसतं वर टाकलं. उंदरांनी माझा सूर्य कोपऱ्यातून कुरतडलाय. लाटांवर बुरशीचे ठिपके आलेत. पण खरं सांगू? मला त्याचं एवढं वाटत नाही. वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं.

खालच्या गप्पांतून मला सगळं कळतं. गेनपेई आता काठ सोडतात. रेडिओ बोलायच्या आत सोडतात, खलाशी कुरकुरले तरी सोडतात. समुद्राने तरीही पुन्हा दिलं, म्हातारा खलाशी खोटा पडला. पण हे ते तोराजीला कधी सांगायला गेले नाहीत. आमच्याकडे चूक झाली की माणूस समोरच्याच्या दारात जातो आणि वाकतो. एवढंच असतं. गेनपेई मात्र सोसायटीत जायलासुद्धा देवळामागून वळसा घालतात, तोराजीचं घर वाटेत लागू नये म्हणून. त्यांची कोझुए आणि तोराजीची मिनामो वर्गात एका बाकावर बसतात, डब्यातलं लोणचं वाटून खातात. घरी दोघी एकमेकींचं नाव काढत नाहीत. प्रश्न विचारायची पैज मिनामोनेच लावली होती, हेही मला नंतर कळलं. कारण तोराजीने बोट विकायला काढलीय. वसंतात ते कुटुंब शहरात जाणार, मासे डब्यात भरायच्या कारखान्यात कामाला.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी खलाशी नव्हते. गेनपेई एकटेच जाळं विणत बसले होते. कोझुएची आई सुमिए भाताचे गोळे घेऊन आली, मागून कोझुए. मिनामोच्या घरी सामान बांधायला घेतलंय, असं सुमिएने सांगितलं, कोणाला उद्देशून नाही, असंच. मग गेनपेईंनी सुई खाली ठेवली.

"घाबरलो म्हणून नाही सोडला काठ," ते म्हणाले. "रिकाम्या हाताने परत नेलं तर बोटीवरची पोरं मला तांडेल म्हणतील का, याला घाबरलो. तोराजी माझ्या डोक्यात होता. सगळा वेळ होता. तरी ओढा म्हणालो."

"आणि बावटा?" सुमिएने विचारलं.

"बावट्याचं तर लक्षातही आलं नाही. तेच जास्त लागतं मला."

"हे तोराजीकाकांना सांगितलंत?" कोझुए म्हणाली.

"आता काय सांगायचं. गेलेली वर्षं परत देता येतात का मला?"

"ती कोण मागतंय तुमच्याकडे?" सुमिए म्हणाली, आणि भाताचा एक गोळा त्यांच्या हातात कोंबला.

मित्रांनो, मला काढून ऊन दाखवा, माझी भोकं रफू करा, असं मी तुम्हाला विनवणार नाही. माझी विनवणी वेगळी आहे. समुद्र कोणा एकाचा नसतो, आणि त्यातले लहान मासे तर अजून कोणाचेच नसतात. त्यांना मोठं होऊ द्या. तुमच्या हाती कधी भरलेली बोट आली तर मला चढवायच्या आधी एकदा मागे वळून बघा. तिथे रिकाम्या बोटीत कोणी उभं असेल तर मला घडीतच राहू द्या. मी वाट बघेन. मी कापडाचा आहे, मला घाई नाही. माणसांना असते.

कोझुएने शिडी लावली आणि माळ्यावर चढली. तिने माझी दोरी सोडली, धूळ झटकली, माझ्या कोपऱ्यातलं नाव बोटाने वाचलं. मला वाटलं, आता ही मला काखेत मारणार आणि घेऊन जाणार. पण तिने माझी घडी नीट केली आणि मला होतो तिथेच ठेवलं. मग शिडीवरूनच खाली बघत बोलली. आवाज थोडा कापत होता, पण तो तिचाच होता.

"आई, बाबा, मी ठरवलंय. मी आत्ता तोराजीकाकांकडे जातेय. देवळामागून नाही, सरळ रस्त्याने. दारात वाकणार आणि बाबा आत्ता जे म्हणाले ते सगळं सांगणार. तुम्ही नाही आलात तरी जाणार आहे, बाबा. पण मग ते तुमचं बोलणं मला माझ्या तोंडून सांगावं लागेल, आणि ते मला नीट जमणार नाही."