पावणेदोन इंच

मी शिवणकामाची कापडी फीत बोलतेय. पिवळी, एकशेवीस इंच लांब, गोधड्या शिवणाऱ्या बायका वापरतात तसली. सध्या माझा मुक्काम बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहे. सोबतीला बटणं, रिळं आणि एक गंजकी कात्री. झाकण महिना महिना उघडत नाही. इथे मला विचारायला कुणी येत नाही, म्हणून माझं मीच सांगते.

मला विकत घेतलं आर्लीन केसलरने. इंडियानातल्या एका लहान गावात ती राहायची, लोकांच्या गोधड्या आणि लग्नाचे कपडे शिवायची. तिच्या कापायच्या टेबलाच्या कडेला तीन फुटी लाकडी पट्टी खिळ्यांनी ठोकलेली होती. नवीन वर्ष लागलं की पहिल्या आठवड्यात ती मला त्या पट्टीवर सरळ निजवायची आणि डोळे बारीक करून बघायची.

"कापड आहे, ताणणारच," ती नवऱ्याला म्हणायची. "तुझ्या स्वेटरसारखं."

फीत ताणलेली निघाली की ती शिवणातून बाद. पण आर्लीन ती फेकायची नाही. मे महिन्यात बागेत नेऊन तिचे वीतभर तुकडे करायची आणि टोमॅटोची रोपं काठीला बांधायची. "बांधायला ताणलेलीच बरी, रोपाला काचत नाही," असं तिचं म्हणणं. माझ्या आधीच्या तिघी अशाच बागेत गेल्या. मी दोनदा परीक्षा पास झाले. तिसऱ्या वेळी परीक्षा घ्यायला आर्लीनच नव्हती. पोटाचं दुखणं निघालं आणि सहा आठवड्यांत गेली.

अंत्यविधी झाल्यावर डेलमर, म्हणजे तिचा नवरा, पलंगावरच्या अर्धवट गोधडीपाशी बसला. किती राहिलीय ते त्याने माझ्याने मोजलं. मोजून करायचं काय, हे त्यालाही कळेना. मग आर्लीन गुंडाळायची तसं त्याने मला दोन बोटांवर गुंडाळलं आणि कोटाच्या खिशात टाकलं. शिवणाच्या खोलीचं दार ओढून घेतलं ते घेतलंच.

डेलमरचं काम पोरं पारखायचं. बास्केटबॉलच्या एका मोठ्या क्लबची नोकरी. दर जूनमध्ये असे सगळे क्लब एकदा बसतात आणि पाळीपाळीने कॉलेजातली पोरं उचलतात. साठेक नावं, बस. बाकीच्या हजारोंनी घरी जायचं. त्या साठांत कोण बसेल हे शोधायला डेलमर नोव्हेंबरपासून गाडी घेऊन फिरायचा. कोट त्याच्याबरोबर फिरायचा, आणि कोटाबरोबर मी.

एका कॉलेजात तिथल्या कोचने कागद पुढे केला. पोराची उंची सहा फूट नऊ.

"बूट घालून की केस उभे करून?" डेलमरने विचारलं. पेन काढायला खिशात हात घातला तर हाताला मी लागले. त्या दिवसापासून मी पोरं मोजायला लागले.

कॉलेजं उंची वाढवून छापतात हे या धंद्यात सगळ्यांना माहीत. पोरंही कमी नाहीत. माणूस आडवं पडून उठलं की जरासं उंच भरतं, म्हणून मोजायच्या मिनिटापर्यंत गाडीच्या मागच्या सीटवर लोळून राहतात. एकाने मोज्यांत टाचेखाली गाद्या भरल्या होत्या. डेलमरने त्याला मोजे काढायला लावले आणि म्हणाला, "देवाने दिलेली दाखव बाळा, दुकानातली नको." त्यापेक्षा महत्त्वाचे हात. भिंतीला पाठ लावायची, दोन्ही हात आडवे पसरायचे, आणि या बोटाच्या टोकापासून त्या बोटाच्या टोकापर्यंत मला ओढायचं. लांब हातांचं पोरगं समोरच्याचा चेंडू अडवतं, म्हणून क्लबवाल्यांचा सगळा जीव हातांत.

डेलमर नेहमी सगळ्यात वरच्या रांगेत बसायचा. दुसऱ्या क्लबांचे पारखीही तिथेच, पण दोघांच्या मध्ये एक खुर्ची रिकामी ठेवून. कुणी कुणाला आपल्या वहीचं पान दिसू द्यायचं नाही. चेंडू कुठे चाललाय ते डेलमर बघायचाच नाही. चेंडू हातातून गेल्यावर पोरगं धावत परत येतं की चालत, कोचने बाहेर बसवल्यावर त्याचं तोंड कसं होतं, पडलेल्याला हात कोण देतं, हे तो बघायचा. मग गाडीत हीटर लावून पेट्रोल पंपावरचं गार सँडविच खायचा, अर्धं सकाळसाठी ठेवायचा. गरम काही खा म्हणणारं माणूस उरलं नव्हतं. मोटेलच्या खोलीत मला टीव्हीवर ठेवायचा आणि कधीमधी माझ्याकडे बघून म्हणायचा, "चल, हाही गाव झाला."

दर जानेवारीत मी वाट बघायची. आता घरी नेईल, त्या पट्टीवर निजवेल. पण त्या खोलीचं दार त्याने उघडलं नाही. इकडे गाडीतली ऊब, बाहेरची थंडी, आणि मोठ्या हातांची रोजची ओढाताण. मी ताणत गेले. मला ते कळत होतं आणि सांगता येत नव्हतं. ताणलेली फीत स्वतः लांब होते आणि तिने मोजलेलं माणूस आखूड होतं. अशी नऊ वर्षं गेली.

नवव्या वर्षी, फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी, ओहायोतल्या एका लहानशा कॉलेजात डेलमर खुर्चीत पुढे सरकून बसला. तो असा बसला की मला खिशात दाब यायचा, आणि तो दाब मला कित्येक वर्षांत आला नव्हता. खाली मार्केल टिब्स नावाचं पोरगं खेळत होतं. वीस गुणसुद्धा केले नव्हते त्याने. पण चेंडू कुठे येणार हे त्याला आधीच कळायचं आणि तो तिथे जाऊन उभा असायचा.

खेळ संपल्यावर डेलमर खाली गेला. मार्केलने बूट-मोजे न सांगता काढले, भिंतीला पाठ लावली, हात पसरले. डेलमरने मला ओढलं.

सहा फूट पावणेअकरा.

डेलमरच्या क्लबचा नियम होता, या जागेवर खेळणाऱ्या पोराचे हात सात फुटांच्या आत असले तर नाव यादीत घ्यायचं नाही.

"सर, परत एकदा मोजता का?" मार्केल म्हणाला.

परत मोजलं. तेवढंच. मला बोलता आलं असतं तर मी तेव्हा ओरडले असते.

एवढ्यात त्याची आई आली. योलांडा टिब्स, गॅरी शहरातल्या एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात कामाला. अंगावर तिथलाच पांढरा डगला. दर शनिवारी एवढ्या लांबून गाडी हाकत यायची.

"काय भरलं?" तिने विचारलं. डेलमरने आकडा सांगितला.

"माझ्या भिंतीवर सात फुटांच्या वर जातात त्याचे हात. माझा भाऊ सुतार आहे, त्याच्या लोखंडी फितीने मोजलंय."

"बाई, मी तेवीस वर्षं हे काम करतोय. प्रत्येक आईच्या भिंतीवर पोरगं दोन इंच जास्तच भरतं."

"आणि तुमच्या फितीवर प्रत्येक पोरगं दोन इंच कमी भरत असेल तर?"

"मम्मा, राहू दे ना," मार्केल खाली बघत म्हणाला.

"तू बूट घाल. फरशी गार आहे." मग ती डेलमरकडे वळली. "मीही शिवते, साहेब. कापडाची फीत दर वर्षी ताडून बघावी लागते."

डेलमरने मला घाईघाईने गुंडाळलं. "ही माझ्या बायकोची आहे," तो म्हणाला. "ती गेली."

"त्यांना मी काही म्हणत नाही," योलांडा हलक्या आवाजात म्हणाली. "त्या असत्या तर त्यांनी बघितली असती." मग पिशवीतल्या थर्मासच्या डब्यातून चांदीच्या कागदात गुंडाळलेलं कोंबडीचं तंगडं आणि मक्याच्या पावाचा तुकडा काढून तिने त्याच्या हातात दिला. "गाडीत बसून खा. सकाळपासून उपाशी असल्यासारखं तोंड दिसतंय तुमचं."

त्याने ते खाल्लं. गरम होतं. खाऊन झाल्यावर वहीत आकडा लिहिला, सहा फूट पावणेअकरा.

सोमवारी क्लबच्या कचेरीतून कीगनचा फोन आला. वयाने डेलमरपेक्षा तीस वर्षांनी लहान, पण यादी त्याच्या हातात.

"या टिब्सबद्दल तीन पानं लिहिलीत, डेलमर. एवढं तुम्ही कुणाबद्दल लिहीत नाही."

"तो हातांनी खेळत नाही रे. डोक्याने खेळतो."

"सात फूट भरतोय का?"

"नाही."

"तुम्हीच मोजलंत ना?"

"मीच."

"मग विषय संपला की हो."

नाव कटलं. मार्च गेला, एप्रिल गेला. शिकागोत मोठ्या चाचणीला बोलावलेल्या पोरांतही मार्केल नव्हता. त्या चांदीच्या कागदाची गोळी गाडीत तशीच पडून होती, डेलमर ती फेकत नव्हता.

मेमध्ये तो घरी असताना शेजारणीने कुंपणावरून टोमॅटोची चार रोपं दिली. "आर्लीन लावायची ना," एवढंच म्हणाली. त्याने ती लावली, काठ्या रोवल्या, आणि बांधायला काय घ्यावं म्हणून अंगणात उभा राहिला. मग आत येऊन त्याने शिवणाच्या खोलीचं दार उघडलं. नऊ वर्षांचा कोंडलेला वास बाहेर आला. खिळ्याला काचेची बरणी लटकत होती, तिच्यात हंगाम सरल्यावर आर्लीनने सोडवून ठेवलेले, माझ्या आधीच्या फितींचे उन्हाने पांढरे पडलेले तुकडे. त्याने ते तळहातावर घेतले आणि बराच वेळ बघत राहिला.

मग खिशातून मला काढून टेबलाच्या कडेच्या पट्टीवर निजवलं. एक टोक अंगठ्याने दाबलं, दुसऱ्या टोकाशी डोळे बारीक केले. पट्टी छत्तीस इंचांवर संपत होती. माझ्यावर तिथे सव्वापस्तीस होते.

तीन फुटांना पाऊण इंच. सात फुटांना पावणेदोन. हिशेब करायला त्याला कागद लागला नाही. तो आर्लीनच्या स्टुलावर बसला. मला वाटलं आता भिरकावेल. त्याने मला हलकेच गोळा केलं आणि मांडीवर ठेवलं.

आता तो गप्पही बसू शकला असता. जूनला तीन आठवडे होते आणि त्याच्या नोकरीची दोनच वर्षं उरली होती. नुसतं म्हणायचं, पोराला एकदा बोलावून बघू या. फीत ताणलीय हे घरातल्या घरात राहिलं असतं. पण त्याने स्वयंपाकघरात जाऊन फोन लावला.

"कीगन, टिब्सला बोलाव आणि तुमच्या भिंतीवर मोज. माझा आकडा चुकीचा आहे."

"कितीने?"

"पावणेदोन इंचांनी. फीत ताणलीय."

"फक्त त्याच्या वेळी?"

"ते मला माहीत नाही. ताणत आली असणार. नऊ वर्षं मी ताडून बघितली नाही."

"किती पोरं झाली असतील, डेलमर?"

"दोनशेच्या आसपास."

"हे मला वर सांगावं लागेल, कळतंय ना तुम्हाला?"

"सांगण्यासाठीच फोन केलाय, बाबा."

मार्केलला बोलावलं गेलं. क्लबच्या भिंतीवर त्याचे हात सात फूट अर्धा इंच भरले. जूनमध्ये शेवटची सहाच नावं राहिली असताना क्लबने त्याला उचललं. डेलमर त्या वेळी क्लबच्या टेबलाशी नव्हता. त्याला दोन आठवडे आधीच निरोपाचा केक आणि एक घड्याळ देऊन मोकळं केलं होतं. त्याने नाव घरच्या टीव्हीवर ऐकलं, एकट्याने. मग फोन वाजला.

"आता बरोबर भरला ना?" योलांडा म्हणाली.

"तुमच्या भिंतीवर भरला होता तेवढाच."

"जेवलात का?"

डेलमरने टेबलावरच्या गार सँडविचकडे बघितलं. ती फोन धरून थांबली होती.

पण एका पोराचं झालं म्हणजे सगळ्यांचं झालं असं नव्हे. त्या उन्हाळ्यात डेलमरने जुन्या वह्या काढल्या आणि पत्रं लिहायला घेतली. 'तुमचे हात मी सांगितले होते त्यापेक्षा लांब असण्याची शक्यता आहे. चूक माझी होती.' दोनशे पत्रं, सगळी हाताने. बरीच पत्ता बदलला म्हणून परत आली. काहींनी कळवलं की तसंही काही फरक पडला नसता, त्यांचा खेळच कमी पडत होता. ते खरंही असेल. एकाने मात्र दोनच ओळी लिहिल्या. तो आता शाळेत गणित शिकवतो. 'माझ्या शर्टांच्या बाह्या कायम आखूड पडत आल्यात. मला वाटायचं शर्टच चुकीचे शिवतात.'

ते पत्र डेलमरने याच डब्यात ठेवलंय, माझ्या खाली. त्याचा कागद मला टोचतो.

मला फेकावं असं त्याच्या मनात येत नाही, कारण मी तिची आहे. मोजायलाही घेत नाही. रविवारी कधीतरी झाकण उघडतो, दोन बोटांवर गुंडाळतो आणि परत ठेवतो. बागेत त्याने या वर्षी दहा रोपं लावलीत, आणि बरणीतले तुकडे संपलेत. बाकीची त्याने सुतळीने बांधलीत. खिडकीतून त्याचं पुटपुटणं ऐकू येतं, सुतळी देठाला काचतेय म्हणून.

डेलमर, माझं एवढंच मागणं आहे. या डब्यातच कात्री आहे. मला बाहेर काढ, माझे वीतभर तुकडे कर आणि तुझ्या टोमॅटोंना बांध. आता मी ताणलेलीच बरी.