दत्तूच्या फ्लेक्सचं शीड

माझ्या धाकट्या भावाने, दत्तूने, मालवणहून समुद्रात चालवायची जुनी कयाक, म्हणजे वल्ह्याची निमुळती होडी, टेम्पोत घालून नाशिकला आणली आणि माझं डोकं खायला सुरुवात केली. "ताई, तुझ्या मशीनवर एक शीड शिवून दे ना. मग वल्हवायला नको, नुसतं बसायचं."

मी म्हणायचे, "गंगापूर धरणात कसलं शीड? हात मोडलेत का तुझे?"

मार्चमध्ये नाशिकच्याच द्वारका चौकात ट्रकने त्याला उडवलं. मित्रांनी त्याच चौकात श्रद्धांजलीचा मोठा फ्लेक्स लावला. दहावा झाला, तेरावा झाला, तरी तो काढायला कोणी येईना. लावायला वीस जण, उतरवायला मी एकटी.

फ्लेक्स चिवट असतो, लोक त्याने कांदा झाकतात. मी तो तिरका कापला, कडा दुमडून शिवल्या आणि द्राक्षबागेतल्या बांबूवर चढवला. कापताना चेहरा तेवढा वाचवला. का, ते विचारू नका. रडू तेव्हाही आलं नाही.

काठावरच्यांनी टकमक बघू नये म्हणून छापलेली बाजू मी माझ्याकडे केली आणि कयाक धरणात लोटली. मागून वारा आला. शीड ताणलं, फ्लेक्सच्या घड्या मोडल्या आणि हातभर अंतरावर दत्तू माझ्याकडे बघून हसत होता.

मी घाईघाईने वल्हं पाण्यात घातलं. त्याची गरजच नव्हती.

तेरा दिवस मी पाहुणे, भांडी, डबे उरकत होते. आता वल्हं मांडीवर घेतलं. नुसतं बसायचं होतं.